सारवलेल्या घरात उंडो

गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात आमच्याकडे उंडो आला, आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर जास्त उलथापालथ उंड्याने केली. राज्य झालं म्हणून पार्से गावात आमच्या घरी नेमकं काय बदललं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बाबांच्या शाळेच्या पाटीवरचा एक शब्द बदलला, तोही रंगारी मिळेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. उंड्यामुळे मात्र पहिल्या आठवड्यातच घरातल्या चार माणसांची उठायची वेळ, बसायची जागा आणि एकमेकांशी बोलायचा सूर बदलला.

उंडो म्हणजे खरं तर पाव. जाड सालीचा, गोल, तपकिरी. पोदेर, म्हणजे पाववाला, भल्या सकाळी सायकलच्या टोपलीतून घेऊन यायचा तो. आमच्या शेजारच्या जानकीकाकीच्या गोठ्यात एक कुत्री व्याली होती. ती ट्रकखाली गेली आणि पिल्लांतलं एकच जगलं. ते महिन्याभराचं पिल्लू पदरात गुंडाळून काकी आमच्या मागच्या दारी आली. पदर उलगडल्यावर आई म्हणाली, "अगो, हो तर उंडो!" बाबांनी राज्य झाल्याच्या उत्साहात 'स्वराज' हे नाव सुचवून पाहिलं. पण "स्वराज, मुतू नको" असं म्हणायला आमच्यापैकी कोणाचीच जीभ वळेना, तेव्हा उंडोच राहिलं.

आमच्याकडे कुत्रा असायचा, पण तो घरात नसायचा. आता मी फोंड्याला फ्लॅटमध्ये राहते. आमच्या इमारतीत कुत्री लिफ्टने वरखाली करतात, आणि समोरची बाई आपल्या पिल्लासाठी जाड पांढरे शोषून घेणारे कागद विकत आणते. त्या कागदांकडे बघून मला आत्ये आठवते. तेव्हा कुत्र्याची जागा वसरीच्या पायरीवर, म्हणजे ओसरीच्या बाहेर. त्याने कुठे जावं, काय करावं, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न होता. पण आदल्या पावसाळ्यात आमच्या काळूला त्याच पायरीवरून वाघाने नेलं होतं. वनखात्याचा माणूस त्याला बिबट्या म्हणाला. आम्ही वाघच म्हणायचो. सकाळी पायरीवर साखळी होती आणि साखळीला गळपट्टा होता, बकल लावलेलंच. तो गळपट्टा आईने कितीतरी दिवस खुंटीवरून काढला नाही. म्हणून उंडो आला तेव्हा मी सोळा वर्षांची घोडी असूनही रडून सांगितलं की हा आत निजणार, निदान मोठा होईपर्यंत.

आत म्हणजे आत्येच्या राज्यात. आत्ये म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून ती परत आली, आणि तेव्हापासून आमच्या घरातली जमीन, देव आणि चूल या तीन गोष्टी तिच्या ताब्यात होत्या. जमीन शेणाने सारवलेली. आठवड्यातून दोनदा आत्ये पदर खोचून, जानकीकाकीच्या गोठ्यातलं ताजं शेण पाण्यात कालवून, भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत सारवायची. तिच्या हाताचे अर्धगोल एकात एक असे बसायचे की वाळल्यावर वाटावं, जमिनीवर कोणीतरी मासळीचे खवले रेखाटलेत. हा दाखला मी तिच्यासमोर दिला नसता. ती मासळी खात नसे. सारवताना होणारा तो ओला, खसखस असा आवाज आणि दुपारपर्यंत घरभर राहणारा तो वास माझ्या लहानपणाचा पुष्कळसा भाग व्यापून आहे. फक्त बाबांच्या खोलीत लाल सिमेंटचा कोबा होता. प्राथमिक शाळेच्या मास्तराला सरकारने उचल दिली तेव्हा तो झाला, आणि त्याच्यावर बाबांचा फार जीव होता.

पहिल्याच दिवशी उंड्याने देवघराच्या दारात पाणी केलं. आत्ये आली, तिने पाहिलं. शेणाचा गोळा आणला, ती जागा सारवून शुद्ध केली, हात धुतले आणि मग मला म्हणाली, "शालू, चवथीमेरेन. गणपती घरात येयसर शिकलो तर रावूं दी. ना जाल्यार खोपींत."

खोप म्हणजे मागीलदारची लाकडं ठेवायची शाकारलेली झोपडी. तिला दार नव्हतं. आईने खुंटीवरच्या गळपट्ट्याकडे पाहिलेलं मी पाहिलं. मुदत चवथीपर्यंतची, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंतची होती, आणि तिला पाच आठवडे होते.

ते दिवस समित्यांचे होते. आम्ही बोलतो ती कोकणी की मराठी, यावर वर्तमानपत्रांत माणसं एकमेकांची लाज काढत होती. बाबा सभेत मराठीच्या बाजूने हात वर करून यायचे आणि दारातूनच कोकणीत विचारायचे, "आक्का, च्या आसा?" यात त्यांना काही विसंगती वाटत नसे, खरं सांगायचं तर मलाही अजून वाटत नाही. पण कुठलाही प्रश्न आला की आधी त्याचा कार्यक्रम आखायचा, ही सवय त्यांना सभांतूनच लागली असावी. त्यांनी उंड्याच्या प्रश्नावर घरातल्या चौघांची बैठक घेतली आणि फुलस्केप कागदावर, शाळेच्या दाखल्यांवर काढायचे तशा सुंदर अक्षरांत, 'दिनक्रम' लिहून मधल्या दारावर चिकटवला. सकाळी सहा, बाहेर नेणे. साडेसात, पेजेनंतर, बाहेर नेणे. असे नऊ रकाने, आणि शेवटी दहावा रकाना 'शेरा'. खाली 'आज्ञेवरून' असं होतं. कोणाच्या, ते नव्हतं.

मी त्या दिनक्रमाप्रमाणे भर पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिल्लू घेऊन नऊ वेळा बाहेर जायचे. उंडो माझ्या पायाशी बसून पागोळ्या बघायचा. गवताला नाक लावून शिंकायचा. मग आत आणला की थेट जायचा आणि आत्येने सकाळी शुद्ध केलेल्या जागेवर शांतपणे उभा राहायचा. आत्ये पुन्हा शेण आणायची, पुन्हा सारवायची. दुसऱ्या दिवशी उंडो पुन्हा तिथेच. आम्ही ओरडलो, त्याचं नाक धरून ती जागा दाखवली, आईने तर एकदा त्याच्यापुढे हात जोडले. शेरा या रकान्यात मी 'आत' हा शब्द इतक्या वेळा लिहिला की तो शब्द मला अनोळखी दिसायला लागला. श्रावण असल्यामुळे घरात मासळी नव्हती. उंडोही पेज, दूध आणि पावाच्या कडांवर होता, तरी त्याच्या उत्पादनात काही खंड नव्हता.

बाबांचं म्हणणं वेगळंच. "माझ्या खोलीत बघा," ते सांगत. "एक थेंब नाही. शिस्त लावणाऱ्यावर असतं."

"मास्तराक भियेता तो," आई मला हळूच म्हणायची. "पोरां भियेनात, सुणो तरी भियेता." सुणो म्हणजे कुत्रा.

तीन आठवडे असे गेल्यावर एका दुपारी जानकीकाकी नारळ घेऊन आली. आत्ये देवघराच्या दारात गुडघ्यांवर बसून तीच जागा त्या दिवशी दुसऱ्यांदा सारवत होती, आणि उंडो दोन हातांच्या अंतरावर बसून, शेपटी हलवत, कौतुकाने बघत होता. काकी जरा वेळ उभी राहून बघत राहिली आणि मग मोठ्याने हसत सुटली.

"कित्याक हांसता गो?" आत्येने मान वर न करता विचारलं.

"हांसूं नाय तर काय करूं? अगो आक्का, तो जल्मलो खंय? गोठ्यात! आवय खंय मुतताली, तो खंय मुततालो? शेणार! आनी तू रोज ताका ताजा शेण घालून जागो करून दिता. तो म्हणता, कितली बरी ही म्हातारी, हगपाक-मुतपाक सांगून बोलयता!"

आत्येचा हात तसाच जमिनीवर थांबला. मला आठवतं, त्या थांबलेल्या हाताखालचा अर्धगोल त्या रात्रीपर्यंत अपुराच राहिला. बाबांच्या सिमेंटच्या शिस्तीचाही उलगडा त्याच क्षणी झाला. ते तेवढ्यात काहीतरी शोधायला आत गेले. मी पुढे आयुष्यात शुद्धीकरणाच्या पुष्कळ मोहिमा पाहिल्या, काही सरकारी, काही साहित्यातल्या. प्रत्येक वेळी मला ते पिल्लू आठवतं, शेणाच्या गोळ्याकडे आशेने बघणारं.

आत्येच्या बाजूने बघायचं तर मागणं सोपं नव्हतं. विटाळ झालेली जागा शेणाशिवाय शुद्ध होते, हे तिने मान्य करायचं होतं, तेही एका कुत्र्यासाठी. दुसऱ्या सकाळी उंड्याने नेमाप्रमाणे कार्यक्रम उरकला तेव्हा ती आली, आणि तिच्या हातात शेण नव्हतं. पाण्याची कळशी होती आणि लिंबाची अर्धी फोड. तिने जागा धुतली, लिंबू चोळलं, वर तुळशीचं पाणी शिंपडलं आणि देवघराकडे बघून, आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "चवथीमेरेनच हां." देवाला सांगत होती की आम्हाला, कळलं नाही.

त्यानंतर उंडो गोंधळला. सारवणं थांबलं आणि त्याची जागा गेली होती. तो घरभर नाक लावून फिरायचा आणि माझ्याकडे बघायचा. अशा एका सकाळी मी त्याला काखेत घेऊन कुंपणापाशी पोदेराची वाट बघत होते. आमचा पोदेर रुझार, बारदेसातला, सायकलच्या दांड्याला रबरी भोंपू लावलेला. पों-पों, पों-पों असा तो आवाज धुक्यातून आधी यायचा आणि सायकल मागून. त्या दिवशी अगदी जवळ भोंपू वाजला, उंडो दचकून माझ्या काखेतून उतरला, आणि कुंपणाजवळच्या माडाच्या मुळाशी त्याने जे सुरू केलं ते रुझारने चार उंडे मोजून देईपर्यंत चाललं. मी त्याला एका पावाची कड दिली. दुसऱ्या दिवशी भोंपू वाजताच तो स्वतः दाराकडे धावला. तिसऱ्या दिवशी तसंच. संध्याकाळी रुझार परत फिरायचा तेव्हाही तसंच. मी 'शेरा'मध्ये 'बाहेर' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

रुझारला हे सांगितलं तेव्हा त्याने सायकल स्टँडला लावली आणि टोपी काढली. "म्हजो भोंपू आयकून मुतता? अगे बाये, इतलीं वर्सां पाव विकलो, असो मान म्हाका कोणेंच दिवंक ना!"

पण भोंपूवर चालणाऱ्या शिस्तीचा एक दोष असतो. चवथीच्या आदल्या सकाळी उंडे देता देता रुझार म्हणाला, "फाल्यां चवथ न्हय? फाल्यां हांव ह्या वाड्यार येना. परवां येतां." बरोबरच होतं. चवथीला आमच्या वाड्यावर पाव कोण घेणार? मी मात्र टोपलीला धरून उभी राहिले. आणि घरात पाऊल टाकलं तर आत्ये आणि आई दोघी पदर खोचून बसल्या होत्या, मध्ये शेणाची भरलेली मोठी घमेली. चवथीसाठी सगळं घर सारवायचं होतं, वसरीपासून चुलीपर्यंत, कोपरा न कोपरा. दुपारपर्यंत आमच्या घराला जानकीकाकीच्या गोठ्याचा वास यायला लागला. उंडो उंबऱ्यावर उभा राहून तो वास घेत होता, डोळे अर्धे मिटून. परगावाहून घरी आलेल्या माणसासारखा दिसत होता. त्या दिवशी मी त्याला जवळजवळ जमिनीला पाय लावू दिला नाही.

चवथीच्या सकाळी गणपती मखरात बसला. वर माटोळी बांधली होती. माटोळी म्हणजे लाकडी चौकटीला टांगलेली रानातली फळं, सुपाऱ्यांचे घोस, काकड्या, पानं. स्वयंपाकघरातून हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा वास. आत्ये पहाटेपासून सोवळ्यात. आणि मी पहाटेपासून पावसात, उंड्याला घेऊन माडाखाली. भोंपू नाही. मी तोंडाने पों-पों केलं; त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. सहा वेळा नेला, सहा वेळा कोरडा परत आणला. कोरडा म्हणजे त्या अर्थाने. त्याचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं हाताला लागत होतं. त्याने आदल्या संध्याकाळपासून काही केलं नव्हतं आणि सगळं घर त्याला बोलावत होतं. मी मनात गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. बरंचसं पाळलेलं नाही.

अकराच्या सुमाराला आणखी एक गोष्ट व्हायची होती, आणि बाबा तिच्यासाठी नवं धोतर नेसून तयार होते. नव्या राज्यात नवी पदं निघाली होती, आणि त्यांतल्या एका पदावर बसलेले एक साहेब त्या दिवशी घरोघर गणपतीच्या दर्शनाला फिरत होते. कसलं पद ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आमचं घर रस्त्याला लागून, म्हणून ते आमच्याकडे येणार होते. बाबांनी मानपत्र लिहिलं होतं. दोन पानं.

वळणावर त्यांच्या गाडीच्या आड जानकीकाकीची म्हैस आली असावी. ड्रायव्हरने भोंपू वाजवला. दोनदा. पुन्हा दोनदा.

उंड्याचे कान उभे राहिले. मी घट्ट धरायच्या आत तो माझ्या हातांतून निसटला, सारवलेल्या वसरीतून सरळ रेषेत धावला, पायरी उतरला आणि फाटकाशी गाडीतून उतरणाऱ्या साहेबांच्या पुढ्यातून वाटेलगतच्या माडाशी गेला. साहेबांच्या डोक्यावर एका माणसाने मोठी काळी छत्री धरली होती. सगळी मंडळी थांबली. थांबावंच लागलं, कारण फाटकाची वाट उंड्याने अडवली होती, आणि रात्रभराचं आणि सकाळभराचं होतं, ते लवकर संपणारं नव्हतं. साहेब हात जोडून उभे होते, कारण उतरतानाच त्यांनी ते जोडले होते. मी दारात उभी राहून हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

मग सगळे आत आले. छत्रीवाल्याने छत्री मिटून माटोळीखाली भिंतीला टेकवून ठेवली. बाबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले, "महोदय, आपल्यासारख्या लोकाभिमुख, कर्तव्यतत्पर..." उंडो माझ्या पायाशी येऊन ओला, हलका आणि समाधानी असा बसला. मी त्या मानपत्रातला एकेक शब्द प्रेमाने ऐकत होते. आणि तेवढ्यात आत्येची हाक आली.

"शालू!"

माटोळीखाली, गणपतीपासून दोन हातांवर, जमिनीवर पिवळसर पाण्याचं थारोळं होतं.

बाबा थांबले. सगळ्यांनी आधी थारोळ्याकडे आणि मग उंड्याकडे पाहिलं. "आत्ये, तो आताच बाहेर जाऊन आला," मी म्हणाले, "सगळ्यांनी बघितलं..." पण माझाच आवाज मला खोटा वाटला. शेणाचा वास होता, जागा होती, आणि तीन आठवड्यांची सवय होती.

"कुत्र्याचंच ते," छत्रीवाला घाईने म्हणाला. "मी त्याला इकडे फिरताना बघितला."

आत्ये पुढे आली. सोवळ्यात होती, नैवेद्य व्हायचा होता. ते उंड्याचं निघालं तर तिला पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यावं लागणार होतं आणि स्वयंपाकही पुन्हा. ती थारोळ्यापाशी बसली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेब, त्यांची माणसं आणि गणपती यांच्या देखत तिने त्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. नीट वास घेतला. गावात तेव्हा या विषयातलं तिच्याइतकं ज्ञान कोणालाच नव्हतं.

"हें उंड्याचें न्हय," ती म्हणाली.

तिने मान वर केली. भिंतीला टेकवलेल्या छत्रीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो सुटला, ताज्या सारवणावर पडला आणि शेण विरघळून पिवळा झाला.

"हें सायबाचें."

मग दाराआडून आईचा हसू दाबल्याचा आवाज आला, जानकीकाकीने तर दाबलंही नाही, आणि शेवटी साहेब स्वतःच हसले, पोट धरून. त्यांच्या कारकिर्दीतली ती एकमेव गोष्ट मला लक्षात आहे, आणि ती चांगली आहे. छत्रीवाला कोणाकडेही न बघता आधी बाहेर पडला. बाबा सगळे गप्प व्हायची वाट बघत थांबले आणि 'लोकाभिमुख'पासून पुन्हा सुरू झाले. आत्येने बोट धुतलं आणि नैवेद्याच्या पातोळ्या वाढायला घेतल्या. घुमटावर, म्हणजे कातडं ताणलेल्या मडक्यावर, थाप पडली, आरती सुरू झाली, उंडो माझ्या पायांवर झोपून गेला. खोपीचा विषय कोणी काढला नाही.

दुसऱ्या सकाळी मला उशिरा जाग आली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मी निवांत झोपले होते. जाग आली ती भोंपूने, पों-पों, पों-पों. आणि शेजारी हात लावला तर उंड्याचं पोतं रिकामं. मी तशीच धावत वसरीत आले. पुढचं दार उघडं होतं. पाऊस लागला होता. माडाखाली आत्ये उभी होती, सोवळ्यात, एका हाताने निऱ्या चिखलाच्या वर धरून. दुसऱ्या हातात साहेब विसरून गेले ती मोठी काळी छत्री होती, आणि ती तिने स्वतःवर नाही, उंड्यावर धरली होती.

"आटप रे पुता," ती त्याला सांगत होती, "माका पूजेक उशीर जाता."

आणि कुंपणापलीकडे रुझार सायकल थांबवून, घाई न करता, पुन्हा एकदा भोंपू वाजवत होता.